सातवीतली मुलगी, गणिताचे तीन गट आणि हरवलेले २७ गुण : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. यातली मुलगी कुणी एक नाही. पण शाळेच्या समुपदेशकाच्या टेबलावर येणाऱ्या वह्या, वेळापत्रकं आणि घरातले वाद थोड्याफार फरकाने असेच असतात.

परिस्थिती

वय साडेबारा, इयत्ता सातवी. आठवीत जाताना शाळा एक अर्ज भरून घेते आणि त्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात: गणिताचा गट, तिसरी भाषा पुढे चालू ठेवायची की सोडायची, आणि एक ऐच्छिक विषय. गणिताचे गट तीन – प्रगत, नियमित आणि व्यावहारिक. अर्ज द्यायला १० आठवडे उरलेत.

घरात माणसं तीन आणि मतंही तीन. वडिलांना प्रगत गट हवा, शिवाय अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची तयारी आठवीपासून करून घेणाऱ्या क्लासला नाव घालायचंय. आईचं म्हणणं, एक कलचाचणी करून घ्या म्हणजे एकदाचं काय ते कळेल. मुलीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय आणि गट मात्र व्यावहारिक हवाय. का, तर "गणित माझं नाहीच."

प्रगतिपुस्तकावरचे गणिताचे शेकडेवारीतले आकडे असे: पाचवी वार्षिक ७८, सहावी सहामाही ७१, सहावी वार्षिक ६२, सातवीची पहिली घटक चाचणी ५४. विज्ञान ७४ च्या आसपास, भाषा ७६ ते ८०. हजेरी ९३ टक्के. वर्गशिक्षिकेचा शेरा: "हुशार आहे, लक्ष कमी पडते."

या शेऱ्याने कुणाचंच भलं होत नाही. लक्ष कमी पडत असतं तर सगळ्या विषयांत थोडंथोडं पडलं असतं. इथे एकच विषय घसरलाय, आणि तोही एकदम न घसरता पायरी पायरीने. अशी घसरण दिसली की आवड, कल, स्वभाव हे शब्द बाजूला ठेवावेत आणि उत्तरपत्रिका मागवाव्यात.

उत्तरपत्रिका उघडल्यावर

शेवटच्या तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मिळाल्या. त्यांत मिळून ४६ गुण गेले होते. प्रत्येक गेलेला गुण चारपैकी एका कप्प्यात टाकला: अपूर्णांक किंवा गुणोत्तर आलेली उदाहरणं २७, वेळ न पुरल्याने सुटलेलं ८, ऋण-धन चिन्हांची चूक ६, प्रश्न नीट न वाचल्याने ५. हे काम ४० मिनिटांत होतं आणि त्याला कुठलीही विकतची चाचणी लागत नाही. एकच पथ्य पाळायचं: कप्पे आधी ठरवायचे नाहीत. पहिली उत्तरपत्रिका बघता बघता ते आपोआप पडतात.

२७ गुण एकाच ठिकाणी गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. वेळ न पुरल्याचे ८ गुणसुद्धा बहुधा तिथलेच, कारण अपूर्णांकाच्या उदाहरणापाशी ती अडून बसते आणि पुढची दोन सोपी उदाहरणं राहून जातात.

आता हजेरी. ९३ टक्के म्हणजे २०० दिवसांत १४ दिवस गैरहजर. ऐकायला चांगलंच वाटतं. पण हजेरीपट बघितला तर त्या १४ पैकी ११ दिवस सलग होते, सहावीच्या सहामाहीआधी, तापाने. त्याच ११ दिवसांत वर्गात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज आणि भागाकार शिकवून झाला. फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा अर्धवट सोडण्याचा धोका आधीच ओळखता यावा यासाठी त्यात जी लक्षणं निवडली, त्यांत हजेरी ८० टक्क्यांखाली जाणं हे एक होतं. ती चाळणी तिच्या कामासाठी चांगलीच आहे. ही मुलगी मात्र तिच्यातून सहज निसटते. टक्केवारी किती दिवस गेले ते सांगते, कोणते गेले ते सांगत नाही. म्हणून कमी दिसो वा जास्त, सलग गैरहजेरीच्या तारखा आणि त्या काळात शिकवलेले धडे शेजारी-शेजारी मांडून बघावेत.

अपूर्णांकाचीच इतकी चर्चा का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या मुलांची जुनी माहिती तपासली होती. दहाव्या-बाराव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून हायस्कुलातल्या बीजगणिताचा अंदाज बांधता आला. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक आणि इतर गणिती कौशल्यं हिशेबात धरूनही तो टिकला. म्हणजे हा एका धड्याचा प्रश्न उरत नाही. समीकरणं, शेकडेवारी, वेग, रसायनातलं प्रमाण हे सगळं याच खांबावर उभं आहे.

मग १२ उदाहरणांची छोटी तपासणी घेतली: संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवणं ३, लहान-मोठा ओळखणं ३, बेरीज-वजाबाकी ३, शाब्दिक उदाहरणं ३. बरोबर आली ४, तीही अशी: संख्यारेषा ०, तुलना १, बेरीज-वजाबाकी २, शाब्दिक १. बेरीज जमते पण संख्यारेषेवर एकही जागा सापडत नाही, याचा अर्थ कृती पाठ आहे आणि त्या संख्येचा आकार डोळ्यांपुढे येत नाही. ४/७ मोठा की ५/९, यावर तिचं उत्तर ५/९, "कारण दोन्ही आकडे मोठे आहेत." १/२ + १/३ चं उत्तर एकदा ५/६ आणि दुसऱ्या पानावर २/५. २/५ हे अर्ध्याहून कमी भरतं. अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. ही चूक जगभरातल्या मुलांची आहे: अंश आणि छेद या दोन वेगळ्या पूर्ण संख्या समजून त्यांच्यावर काम करायचं.

कलचाचणी का घेतली नाही

आईची मागणी मोडीत काढण्यासारखी नव्हती. चाचणी घेतली की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण बारा-तेराव्या वर्षी आवडींचा क्रम अजून हलता असतो. आवडी किती टिकतात यावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये झालं. त्यात शाळेच्या वयात ही स्थिरता साधारण एका पातळीवर राहते आणि अठराच्या पुढे ठळकपणे वाढते असं दिसलं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची आवडींची सहा गटांची वर्गवारी या वयात बोलणं सुरू करायला उत्तम. तिच्यावरून गट, क्लास किंवा शाखा ठरवणं म्हणजे ओल्या सिमेंटवर कपाट ठेवणं.

शिवाय या मुलीच्या बाबतीत एक वेगळी अडचण होती. जिला अपूर्णांक येत नाहीत तिची "संख्यात्मक क्षमता" मोजली तर काय निघेल? कमीच निघेल. आणि तो कागद घरात फ्रेम होऊन बसेल.

त्याऐवजी पत्ते वापरले. ३६ कार्डं, प्रत्येकावर एका कामाचं नाव आणि त्या कामातल्या एका दिवसाचं दोन ओळींचं वर्णन. तीन ढीग करायचे: हो, कदाचित, नाही. वेळ २० मिनिटं. बहुतेक ठिकाणी मग "हो"च्या ढिगावर गप्पा होतात. खरी माहिती असते "नाही"च्या ढिगात. मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभाच असा, की मुलं व्यवसाय निवडत जातात त्याहून जास्त खोडत जातात: सहा ते आठ या वयात मुलाचं काम-मुलीचं काम असा भेद करून, आणि नऊ ते तेरा या वयात समाजातल्या मानापमानावरून. खोडलेलं नाव पुढे कुणी विचारल्याशिवाय सहसा परत उजेडात येत नाही.

तिचे ढीग असे पडले: हो ७, कदाचित ११, नाही १८. मग १८ पैकी प्रत्येक कार्ड उचलून एकच प्रश्न विचारायचा, "हे का नको?", आणि उत्तर तिच्याच शब्दांत मागे लिहायचं. "गणित असतं" ८ कार्डांवर. "असं काम करणारी बाई मी पाहिली नाही" ४. "हे लोक नेमकं काय करतात ते कळलं नाही" ३. खरोखरची नावड ३, त्यातलं एक शल्यचिकित्सक – "रक्त बघवत नाही." म्हणजे १८ पैकी ८ व्यवसाय अपूर्णांकांनी खोडले होते. आणि रक्त बघवत नसतानाही "प्राण्यांची डॉक्टर" हे कार्ड "हो"मध्ये होतं. ही विसंगती त्या दिवशी दाखवून दिली नाही. या वयातलं स्वप्न विसंगत असतंच, आणि ते तपासायला दुसरी जागा होती.

आठवड्याचे १६८ तास

क्लासचा प्रश्न मतांनी सुटत नाही, घड्याळाने सुटतो. सात दिवस, दर रात्री पाच मिनिटं, त्या दिवशी प्रत्यक्ष काय केलं याची नोंद. नोंद मुलीने ठेवायची. आठवून आठवड्याच्या शेवटी भरलेली नोंद उपयोगाची नाही. आईच्या अंदाजाने झोप नऊ तास होती. नोंदीत शाळेच्या दिवशी साडेसात आणि सुट्टीच्या दिवशी सव्वानऊ निघाली, म्हणजे आठवड्याला ५६ तास.

बाकीचा हिशेब: शाळा प्रवासासह ३७.५ तास, जेवण-आंघोळ-आवराआवर १७.५, सध्याची शिकवणी जाण्यायेण्यासह १०, गृहपाठ ९. झोप धरून बेरीज १३०. उरले ३८. त्यांत मोबाइल आणि टीव्ही १७, खेळ ६, शेजारच्या कुत्र्यांबरोबर ४, अवांतर वाचन ३, आणि ८ तास कशात गेले ते कुणालाच सांगता आलं नाही. (हे ८ तास शोधून काढायचा मोह घरच्यांना होतोच. शोधू नयेत. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यात ८ बेहिशेबी तास असावेतच.)

प्रस्तावित क्लास: तासिका १०, प्रवास ४, क्लासचा गृहपाठ ६, एकूण २०. झोपेच्या वैद्यकीय शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. या मुलीला किमान ९ तास धरले तर आठवड्याला आणखी ७ तास लागतात. ३८ मधून २० आणि ७ गेले की उरतात ११, दिवसाला दीड तास. खेळ, मैत्रिणी, कुत्री, पाहुणे, आजारपण आणि कंटाळा हे सगळं त्यात बसवायचं. प्रत्यक्षात ते बसत नाही, आणि मग झोपेतून कापलं जातं.

हा कागद वडिलांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी आकडे तपासले, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि मग म्हणाले, "सध्याची शिकवणी बंद केली तर?" प्रश्न रास्त होता. १० तास सुटतात. पण जो क्लास आठवीचं गणित पक्कं धरून पुढे धावतो, त्यात सहावीच्या अपूर्णांकांवर थांबायला कुणाला वेळ नसतो. ही मुलगी तिथे मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेणार आणि सहा महिन्यांत "गणित माझं नाहीच" यावर शिक्का बसणार. क्लास वाईट म्हणून नव्हे, क्रम उलटा म्हणून तो लांबणीवर टाकला. पुन्हा विचार करायची तारीख आठवीच्या वार्षिक परीक्षेनंतरची लिहिली. ही तारीख कागदावर असणं महत्त्वाचं, कारण तारखेशिवाय दिलेला नकार घरात रोज नव्याने वादाला येतो.

तीन निर्णय, तीन वजनं

अर्जातले तिन्ही रकाने सारख्याच काळजीने भरायची चूक सर्रास होते. प्रत्येक रकान्याला आधी दोन प्रश्न विचारायचे: यामुळे पुढचं कोणतं दार बंद होतं? आणि ते पुन्हा उघडायचं तर काय मोजावं लागतं?

ऐच्छिक विषय होते चित्रकला आणि संगणकावरचं प्रोग्रॅमिंग. दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी कुठलंच दार बंद होत नाही, दरवर्षी बदलता येतं. म्हणून हा निर्णय पूर्णपणे मुलीचा. घरच्यांनी मतही द्यायचं नाही. तिने चित्रकला घेतली. वडिलांनी मत दिलंच, पण तिने बदललं नाही.

तिसरी भाषा सोडणं कधीही जमतं. सोडून दोन वर्षांनी परत वर्गाच्या बरोबरीला येणं जवळजवळ अशक्य. तिला भाषा जमतातही. चालू ठेवली, पाच मिनिटांत.

आणि गणित. इथे माहिती विचारून आणावी लागली, आणि हीच पायरी बहुतेक कुटुंबं गाळतात. शाळेच्या कार्यालयात आणि वरच्या वर्गाच्या गणित शिक्षकांकडे चार प्रश्न लेखी दिले: नियमित गटातून वरच्या वर्गात विज्ञानाला लागणारं गणित घेता येतं का? व्यावहारिक गटातून येतं का? एका गटातून दुसऱ्यात जाण्याची मुदत कोणती? आणि गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात किती मुलं खालून वर गेली? नियम काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय घडतं यांतली तफावत या चौथ्या प्रश्नात दिसते. नियमानुसार व्यावहारिक गटातून नियमित गटात जाता येत होतं. प्रत्यक्षात तसं गेलेलं कुणी शिक्षकांना आठवेना, कारण पहिल्या सत्रातच बीजगणिताचे चार धडे मागे पडतात आणि ते भरून काढायला वर्गात वेळ नसतो.

नियमित गटातून मात्र विज्ञानाची वाट उघडी राहते. प्रगत गटातली मुलं तिथे एक वर्ष आधी पोचतात, इतकाच फरक. म्हणजे वडील ज्यासाठी भांडत होते ते दार प्रगत गट न घेताही उघडंच होतं, आणि मुलगी जो गट मागत होती तो नेमका तिच्या स्वप्नाचंच दार लावत होता. पशुवैद्यकाला जीवशास्त्र लागतं हे तिला माहीत होतं, त्या वाटेवर गणितही लागतं हे माहीत नव्हतं.

निकष आधीच लिहून ठेवला, आठवडा पहिला, तिघांच्या सह्यांनिशी. व्यावहारिक गट चर्चेतून बाद. १२ च्या तपासणीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ११ किंवा जास्त, आणि घटक चाचणीत ७५ च्या वर, तर प्रगत. त्याखाली काहीही आलं तर नियमित. आणि तपासणीत ८ सुद्धा गाठले नाहीत तर नियमित गट अधिक आठवीत आठवड्याला दोन तासिकांची मदत. निकष निकालाआधी लिहिला नाही तर निकाल आल्यावर तो ज्याच्या-त्याच्या सोयीचा होतो.

दहा आठवडे: काय केलं, काय बिघडलं

आठवड्याला चार बैठका, प्रत्येकी २५ मिनिटं. दहा आठवड्यांच्या ४० बैठका, म्हणजे १००० मिनिटं, १७ तासांहून थोडं कमी. क्लासला एका आठवड्यात लागणाऱ्या वेळापेक्षाही हे कमी आहे.

साहित्य: जाड कागदाच्या २४ सेंटिमीटर लांब पट्ट्या, पेन्सिल, मोजपट्टी. २४ यासाठी की तिचे २, ३, ४, ६, ८, १२ असे सरळ भाग पडतात. अर्धा म्हणजे १२ सेंमी, तिसरा भाग म्हणजे ८ सेंमी. दोन्ही शेजारी ठेवले की २० सेंमी, म्हणजे २४ पैकी २०, म्हणजेच ५/६. आणि तिचं जुनं उत्तर २/५? ते ९.६ सेंमी भरतं, नुसत्या अर्ध्याहूनही आखूड. पट्टी हातात असताना ही चूक कुणी सांगावी लागली नाही. ३/४ ÷ १/२ सुद्धा असंच: १८ सेंमीच्या पट्टीत १२ सेंमीची पट्टी किती वेळा बसते? दीड वेळा. ४/७ आणि ५/९ साठी पट्टी कामाची नाही. तिथे अर्ध्यापासूनचं अंतर बघायचं. ४/७ अर्ध्याहून १/१४ ने पुढे, ५/९ अर्ध्याहून १/१८ ने पुढे, म्हणून ४/७ मोठा.

पहिली गोष्ट बिघडली सहाव्या दिवशी. आईने उत्साहाने अर्ध्या-अर्ध्या तासाचं रंगीत वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, सकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत. एक दिवस पाहुणे आले, चार चौकोन चुकले, दुसऱ्या दिवशी "आता तसंही बिघडलंच आहे" म्हणून सगळं सोडलं. अशा वेळापत्रकाचा दोष हाच: त्यात चुकायला जागाच नसते. त्याऐवजी बैठक एका रोजच्या गोष्टीला बांधली: "शाळेतून आल्यावर दूध पिऊन झालं की त्याच टेबलावर पट्ट्या." आणि पर्यायी वाक्य: "त्या दिवशी जमलं नाही तर शनिवारी सकाळी एक." दोन चुकल्या तर एकच भरायची, दुसरी माफ.

दुसरी गोष्ट वडिलांची. मदत म्हणून त्यांनी भागाकाराची युक्ती शिकवली: "दुसरा उलटा कर आणि गुण." युक्ती बरोबर आहे. पण ती पट्टीच्या आधी आली आणि मुलीने बेरजेतही एक अपूर्णांक उलटा केला. त्यानंतर ठरलं की वडिलांनी फक्त एक प्रश्न विचारायचा: "उत्तर अंदाजे एकाहून मोठं येईल की लहान?" हा प्रश्न विचारायला त्यांना तीन आठवडे सवय करावी लागली; उत्तर माहीत असलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं.

तिसरी चूक योजनेचीच होती, आणि ती सगळ्यांत उपयोगी ठरली. चौथ्या आठवड्यात तपासणीत ९ आले. घरात आनंद. सहाव्या आठवड्यात तशीच दुसरी तपासणी घेतली तर ६. मुलगी म्हणाली, "विसरले." खरं कारण सरावाच्या वहीत होतं. सोमवारी सगळी बेरीज, मंगळवारी सगळा गुणाकार, बुधवारी सगळी तुलना असा सराव चालला होता. अशा सरावात कोणती रीत वापरायची हे पानाच्या मथळ्यावरूनच कळतं. निवडायची वेळच येत नाही. तपासणीत मथळा नसतो. सातवीच्याच मुलांवर झालेल्या २०१५ च्या एका प्रयोगात सराव मिसळून करणाऱ्यांना आणि एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांना ३० दिवसांनी अचानक चाचणी दिली. मिसळून करणाऱ्यांनी सरासरी ७४ टक्के मिळवले, सलग करणाऱ्यांनी ४२.

म्हणून सातव्या आठवड्यापासून बैठकीची मांडणी बदलली. पहिली ५ मिनिटं मागच्या आठवड्यातली दोन उदाहरणं वही न बघता. पुढची १५ मिनिटं सहा उदाहरणं, शेजारच्या दोन एका प्रकारच्या नकोत, आणि सोडवण्याआधी प्रत्येकाशेजारी "काय करायचं" हे एका शब्दात लिहायचं. शेवटची ५ मिनिटं एक चुकलेलं उदाहरण मोठ्याने समजावून सांगायचं. ऐकायला कुणीही चालतं, तिने बहुतेक वेळा कुत्र्याला सांगितलं. पहिले चार दिवस तिला हे आवडलं नाही, कारण बरोबर उत्तरं कमी यायला लागली. मिसळलेला सराव करताना असं वाटतंच, आणि नेमकं याच टप्प्यावर घरचे जुन्या पद्धतीकडे परततात.

४० पैकी ३१ बैठका झाल्या. आठव्या आठवड्यात १०. दहाव्या आठवड्यात पुन्हा १०, संख्यारेषा आणि तुलना पूर्ण बरोबर. मधल्या घटक चाचणीत ५० पैकी ३३, म्हणजे ६६ टक्के. गेलेल्या १७ गुणांत अपूर्णांकांचे ५.

दवाखान्यातले दोन शनिवार

याच काळात प्राण्यांच्या दवाखान्यात दोनदा, प्रत्येकी दीड तास, पालकांपैकी एकजण बरोबर, काम फक्त बघायचं आणि लिहायचं. डॉक्टरांना विचारायला प्रश्न पाच, आणि त्यांतला एकही "तुम्हाला हे काम का आवडतं?" असा नाही, कारण त्याला सगळेच सुंदर उत्तर देतात. प्रश्न असे: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत? त्यातलं कोणतं काम दुसऱ्याला द्यायला आवडेल? शाळेतलं काय रोज लागतं? आठवड्यात कधी चूक होता होता राहिली? आणि हे काम सोडून कुणी गेलं असेल तर का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर आलं. १२.४ किलोचा कुत्रा, औषधाची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, बाटलीत एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. ६२ मिलिग्रॅम लागणार, म्हणजे २.४८ मिलिलिटर, सिरिंजमध्ये अडीच. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध. हे उदाहरण तिने घरी येऊन स्वतः वहीत लिहिलं. पाठ्यपुस्तकातल्या नळ-टाकीने इतक्या वर्षांत जे केलं नाही ते या कुत्र्याने केलं.

रक्ताचं काय झालं? एका जखमेला टाके घालताना ती तिथेच होती आणि तिला काही झालं नाही. तिला बघवलं नाही ते प्रतीक्षागृह: भुंकणं, रडणारे मालक, वाट बघण्यातला ताण. नोंदवहीत तिने लिहिलं, "प्राणी ठीक, माणसं अवघड." या नोंदीवरून कुठलाही निष्कर्ष काढला नाही, नोंद ठेवली. स्वप्न मोडायची घाई करू नये यालाही आधार आहे. अमेरिकेत आठवीच्या मुलांना तिसाव्या वर्षी आपण काय करत असू असं विचारून पुढे त्यांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (प्रसिद्धी २००६) विज्ञानाशी संबंधित काम सांगणाऱ्यांनी जीवविज्ञानाची पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या १.९ पट आणि भौतिक विज्ञान-अभियांत्रिकीची ३.४ पट निघाली. अपेक्षेमुळेच पदवी मिळाली असं यावरून सिद्ध होत नाही. पण साडेबाराव्या वर्षीची इच्छा पोरकट म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत.

अर्ज आणि त्यानंतर

निकषाप्रमाणे नियमित गट. वडील नाराज झाले. १० आणि ११ मध्ये एकाच उदाहरणाचा फरक आहे असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण ६६ आणि ७५ मध्ये एकाचा नाही. सही त्यांचीच असल्याने वाद एका संध्याकाळीत संपला. मुलीला व्यावहारिक गट मिळाला नाही याचं दोन दिवस वाईट वाटलं.

योजनेचा कागद एकच, दोन्ही बाजूंनी. पुढच्या बाजूला घेतलेले निर्णय, प्रत्येकाचं कारण एका ओळीत आणि फेरविचाराची तारीख. मागच्या बाजूला "करून पाहिलं, काय लक्षात आलं" अशी मुलीची यादी. गुण कुठेच नाहीत, चुकांचे प्रकार आहेत. "ध्येय" नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. फेरतपासणी दर १२ आठवड्यांनी, अर्धा तास, पहिली १० मिनिटं फक्त मुलगी बोलणार. मध्येच थांबून कागद बदलायची कारणंही लिहिली आहेत: सलग दोन आठवडे झोप आठ तासांखाली, सलग तीन दिवसांहून जास्त गैरहजेरी, किंवा एखाद्या विषयात लागोपाठ दोन चाचण्यांत ८ टक्क्यांहून मोठी घसरण.

गैरहजेरीच्या नियमाला जोडून एक छोटी सोय: परत आल्यावर दोन दिवसांत त्या काळात शिकवलेल्या प्रत्येक धड्याचं एक उदाहरण शिक्षकांसमोर सोडवून दाखवायचं. वह्या उतरवून पूर्ण करणं यात धरलेलं नाही. सहावीत तिची वही पूर्णच होती.

झोप अजून सरासरी ८ तास २० मिनिटांवर अडली आहे, कारण मोबाइल रात्री दहानंतर घरात कुणाचाच बंद होत नाही. पहिल्या फेरतपासणीत हा विषय सगळ्यांत वर आहे. त्याच दिवशी ३६ कार्डं पुन्हा लावायची आहेत. मधे एकदा तिने स्वतःहून "नाही"च्या ढिगातलं एक कार्ड मागून घेतलं, पुलांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्याचं, ज्याच्या मागे "गणित असतं" लिहिलेलं होतं. ते तिने "कदाचित"मध्ये ठेवलंय. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचंय.